खाज का सुटते? खाजकुइलीपासून खरजेपर्यंत

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या वनप्रदेशात पाऊस ओसरून थंडी पडू लागली, की झुडपांवर चढलेल्या खाजकुइलीच्या शेंगा पिकून वाळतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र होईपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे, आणि वनस्पतींच्या दृष्टीने तो आजही एकच आहे. सरपणासाठी, डिंकासाठी किंवा गुरांमागे रानात जाणाऱ्या माणसाला खाजकुइलीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. शेंगेवरची सोनेरी तपकिरी लव दिसायला मखमलीसारखी असते, पण वाऱ्याच्या झुळकीने ती अंगावर पडली, की क्षणार्धात असह्य खाज सुटते आणि खाजवावे तितकी ती पसरत जाते. याच वेलीचे बी आयुर्वेदात कवचबीज म्हणून औषधी मानले जाते, ही गोष्ट निराळी.

गावोगावी परिचित असलेल्या या रानवेलीने आधुनिक वैद्यकशास्त्राला एक महत्त्वाचा धागा मिळवून दिला, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. इसब, खरूज, बिब्बा उतणे अशा दाहजन्य त्वचारोगांत माणूस रात्ररात्र का खाजवतो आणि औषधाच्या दुकानातून आणलेली खाजेची गोळी घेऊनही त्याला आराम का पडत नाही, या प्रश्नांच्या उत्तराची एक वाट खाजकुइलीच्या कुसळातून जाते.

हिस्टामिन आणि त्याची मर्यादा

सतराव्या शतकात, १६६० मध्ये, सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्या केली. खाजविण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना म्हणजे खाज, असे त्याने म्हटले. ही व्याख्या आजही वापरात आहे. परंतु पुढे दीर्घकाळ खाज म्हणजे वेदनेचेच सौम्य रूप होय, अशी समजूत रूढ राहिली. दुखण्याचे मज्जातंतू थोडेसे चेतविले गेले की खाज, अधिक चेतविले गेले की वेदना, असा तो सरळ हिशेब होता.

विसाव्या शतकात हिस्टामिन या पदार्थाचा शोध लागला आणि खाजेला एक निश्चित कारण मिळाल्यासारखे वाटले. आपल्या त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनचे कण साठविलेले असतात. अंगावर पित्त उठते, लालसर गांधी येतात, तेव्हा या पेशी आपला साठा बाहेर टाकतात. हिस्टामिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव झिरपतो, भोवती लाली पसरते आणि जवळच्या मज्जातंतूंची टोके चेतविली जाऊन खाज सुटते. १९३७ मध्ये दानिएल बोव्हे यांनी हिस्टामिनचा परिणाम रोखणारा पहिला पदार्थ शोधला. त्यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या परंपरेतील गोळ्या आज खेड्यातील लहानशा दुकानातही मिळतात.

अंगावर पित्त उठण्याच्या विकारात या गोळ्या उत्तम काम करतात. त्यांच्या यशामुळेच खाज म्हणजे हिस्टामिन, असे समीकरण सामान्यांच्या आणि काही अंशी चिकित्सकांच्याही मनात पक्के झाले. पण इसबाच्या रोग्याला तीच गोळी दिली असता तो झोपी जातो, परंतु झोपेतही खाजवत राहतो! क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या गुंगीलाच पुष्कळदा गुण आला असे समजले जाते. दुसऱ्या दिवशी शेतावर विळा चालविणाऱ्याला किंवा मोहाच्या झाडावर चढणाऱ्याला ही गुंगी महागात पडू शकते.

कुसळातील विकर

हिस्टामिनशिवायही खाज सुटू शकते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा खाजकुइलीने दिला. तिचे कुसळ जेमतेम दोन मिलिमीटर लांब असते. त्याचे टोक इतके बारीक असते, की ते त्वचेच्या अगदी वरच्या थरात रुतते. रक्त येत नाही आणि टोचल्याचे दुखणेही जाणवत नाही. काही क्षणांत सुटते ती मात्र खाज. हिस्टामिन टोचल्यावर भोवती जशी रुंद लाली पसरते, तशी येथे पसरत नाही आणि हिस्टामिनरोधक औषधाने ही खाज थांबतही नाही. कुसळे पुरेशी तापविली तर ती टोचूनही खाज सुटत नाही. कुसळाचे टोचणे हे खाजेचे कारण नसून उष्णतेने निकामी होणारा एखादा पदार्थ कुसळात असला पाहिजे, हे यावरून स्पष्ट होते.

१९५५ मध्ये अमेरिकेतील शेली आणि आर्थर या संशोधकांनी तो पदार्थ वेगळा केला आणि वेलीच्या शास्त्रीय नावावरून त्यास म्युकुनेन असे नाव दिले. म्युकुनेन हे एक विकर आहे. विकर म्हणजेच ज्याला आपण एन्झाइम म्हणतो ते, आणि हे विशिष्ट विकर प्रथिनांचे तुकडे करणारे आहे. प्रथिने कापणाऱ्या विकराने खाज का सुटावी, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास मात्र आणखी अर्धशतक जावे लागले. २००८ मध्ये अमेरिकेतीलच एथन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की म्युकुनेन हे त्वचेतील दोन विशिष्ट ग्राहींवर घाव घालते.

ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर बसविलेले जणू कुलूप. योग्य रेणूची किल्ली लागली की ते उघडते आणि पेशीला संदेश मिळतो. बहुतेक कुलपांना किल्ली बाहेरून लागते. येथे तऱ्हा निराळी आहे. या ग्राहीची किल्ली त्याच्याच अंगाला जोडलेली, पण झाकलेली असते. विकराने ग्राहीचे वरचे टोक छाटले, की ती किल्ली उघडी पडते आणि वळून आपल्याच कुलपात बसते. एकदा छाटलेले टोक पुन्हा जुळत नाही. पेशीला तो ग्राही मोडीत काढून नवा घडवावा लागतो. शास्त्रज्ञ या ग्राहींना पार-२ आणि पार-४ असे म्हणतात. पपईच्या चिकातील पपेन आणि अननसातील ब्रोमेलेन ही विकरेही याच मार्गाने खाज आणतात, असे लर्नर यांच्या प्रयोगशाळेला पुढे आढळून आले.

खाज म्हणजे सौम्य वेदना, हा जुना हिशेबही याच सुमारास मोडीत निघाला. १९९७ मध्ये मार्टिन श्मेल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनुष्याच्या त्वचेत हिस्टामिनला प्रतिसाद देणारे स्वतंत्र, अतिशय संथ मज्जातंतू शोधून काढले. त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे अर्धा मीटर एवढ्याच वेगाने जातो. खाजकुइलीला प्रतिसाद देणारे तंतू त्यांच्याहून वेगळे आहेत, हेही पुढे सिद्ध झाले. २००७ मध्ये मज्जारज्जूतील एक असा ग्राही सापडला, की जो नसलेले उंदीर वेदना पूर्ववत ओळखत, पण खाजवीत मात्र फार कमी. खाजेला त्वचेपासून मज्जारज्जूपर्यंत स्वतःचा रस्ता आहे आणि तोही एकच नाही.

शरीरातच उगवलेली खाजकुइली

आता खरा प्रश्न असा, की ज्याच्या अंगावर कुसळ पडलेलेच नाही, अशा इसबाच्या रोग्याचा खाजकुइलीशी काय संबंध? संबंध असा, की प्रथिने कापणारी तशीच विकरे दाह झालेल्या त्वचेत आतूनच तयार होतात. मास्ट पेशी हिस्टामिनबरोबर ट्रिप्टेज नावाचे विकर सोडतात. ते पार-२ या ग्राहीला छाटते. इसबाच्या रोग्यांच्या त्वचेत हा मार्ग चेतविलेला असतो, हे २००३ मध्ये दाखविण्यात आले. कॅथेप्सिन-एस हे आपल्याच पेशींतील विकरही तसेच वागते. अंथरुणातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या विष्ठेतही प्रथिने कापणारी विकरे असतात. इसबाच्या त्वचेवर हमखास वाढणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू एक विकर सोडून पार-१ या भावंड-ग्राहीमार्फत मज्जातंतूला थेट चेतवितो, असे २०२३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले. इसबावर जिवाणूंचा संसर्ग झाला की खाज का भडकते, याचे एक कारण त्यामुळे हाती आले.

विकरांच्या जोडीला संदेशवाहक प्रथिने असतात. शरीराची संरक्षक सेना परस्परांशी ज्या रेणूंच्या भाषेत बोलते, त्यांस सायटोकाइन म्हणतात. २००४ मध्ये इंटरल्युकिन-३१ हे असे एक प्रथिन सापडले. ते प्रमाणाबाहेर तयार करणारे उंदीर अखंड खाजवीत आणि त्यांच्या अंगावर इसबासारखे चट्टे पडत. ज्या मज्जातंतूंनी खाज कळते, त्यांच्यावरच या प्रथिनाचे ग्राही आहेत. २०१७ मध्ये इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ या दोघांविषयी अशीच गोष्ट उघडकीस आली. मात्र ती दोन्ही स्वतः फारशी खाज आणीत नाहीत. ती मज्जातंतूला हळवा करून ठेवतात. मग कपड्याचे घर्षण, घाम किंवा चुलीची ऊब एवढेही खाज सुटण्यास पुरते.

खाजविणे हा या साखळीचा शेवट नसून मधला दुवा आहे. नखांनी होणारी सौम्य वेदना मज्जारज्जूत खाजेचा संदेश क्षणभर दाबते, म्हणून खाजविताना बरे वाटते. पण त्याच वेळी त्वचेचा वरचा थर फाटतो. दुखावलेल्या पेशी आणखी संदेशवाहक प्रथिने सोडतात, जिवाणूंना आत वाट मिळते, दाह वाढतो आणि खाज पुन्हा नव्याने सुरू होते. खाजेच्या रोग्याला नुसते खाजवू नकोस असे बजावणे म्हणूनच व्यर्थ आहे. तो मनाने कमकुवत असतो म्हणून खाजवीत नाही.

या ज्ञानातून नवी औषधे आली. इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचा सामाईक ग्राही रोखणारे डुपिलुमॅब २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. इंटरल्युकिन-३१ चा ग्राही रोखणारे नेमोलिझुमॅब २०२२ मध्ये प्रथम जपानमध्ये वापरात आले. ही इंजेक्शने महाग आहेत आणि एटापल्ली किंवा भामरागडच्या रोग्यापर्यंत ती लवकर पोहोचतील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. पण या ज्ञानाचा उपयोग केवळ महागड्या इंजेक्शनांपुरता नाही. रोग ओळखताना ते आजच कामास येते.

बिब्बा

मराठीत चाललेल्या कामात कोणी मोडता घातला, तर त्याने बिब्बा घातला असे म्हणतात. ज्याने बिब्ब्याचे तेल एकदा अंगावर घेतले आहे, त्याला या म्हणण्याचे मर्म सांगावे लागत नाही. गोडंबीसाठी बिब्बा फोडणाऱ्या मजुरांचे हात, चेहरा आणि पापण्या सुजतात, फोड येतात, पाणी वाहते. बिब्बा हा आंबा आणि काजू यांच्या कुळातील वृक्ष. अमेरिकेतील पॉयझन आयव्ही ही कुप्रसिद्ध वनस्पतीही त्याच कुळातली. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर चमत्कारिक चट्टे उठू लागले. धोब्याने कपड्यांवर खूण करण्यासाठी वापरलेल्या बिब्ब्याच्या शाईचा तो प्रताप होता. १९४३ मध्ये त्याची वैद्यकीय नोंदही झाली.

बिब्ब्याचे तेल त्वचेतील प्रथिनांना चिकटते आणि शरीराची संरक्षक सेना त्या प्रथिनांना परके समजू लागते. म्हणून खाज लगेच न सुटता एक-दोन दिवसांनी सुटते, आणि एकदा हे वैर जडले की पुढच्या खेपेस थोडेसे तेलही पुरते. पॉयझन आयव्हीवरील प्रयोगांत २०१६ मध्ये असे दिसून आले, की या खाजेत इंटरल्युकिन-३३ या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. येथेही हिस्टामिनची गोळी पुरी पडत नाही. तेल लागताच साबणाने व भरपूर पाण्याने धुणे हाच पहिला उपाय होय. फोड आल्यावर मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच औषध घ्यावे. खाजकुइलीच्या बाबतीत अंग चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढली असता कुसळे निघून येतात. कुसळ डोळ्यात गेले असल्यास विलंब न लावता दवाखाना गाठावा.

खरूज

या दोन्ही जिल्ह्यांत कुटुंबे लहान घरात एकाच अंथरुणावर झोपतात, आणि आश्रमशाळांच्या वसतिगृहांत मुले दाटीने राहतात. खरजेला याहून अधिक काही लागत नाही. खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. मादी त्वचेत बोगदा खणते आणि दररोज दोन-तीन अंडी घालते. सर्वसाधारण रोग्याच्या अंगावर असे प्रौढ किडे जेमतेम दहा-पंधरा असतात. एवढ्या थोड्या किड्यांनी सारे अंग खाजावे, याचे कारण खाज किड्याच्या चावण्याने नव्हे, तर त्याच्या लाळेला, विष्ठेला आणि अंड्यांना शरीराने दिलेल्या दाहजन्य प्रत्युत्तराने सुटते.

प्रथमच खरूज झालेल्या माणसाला खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. शरीराला किड्याची ओळख पटण्यास तेवढा अवधी जातो. त्या काळात तो निरोगी दिसतो, पण खरूज इतरांना देत असतो. दुसऱ्यांदा लागण झाल्यास मात्र एक-दोन दिवसांतच खाज सुरू होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात खरजेच्या रोग्यांच्या त्वचेत ट्रिप्टेज, पार-२ अशा हिस्टामिनेतर मार्गांचे घटक वाढलेले आढळले. खाजकुइलीचाच तो रस्ता. म्हणून खरजेत खाजेची गोळी घेत राहणे म्हणजे रोग वाढू देणे आहे.

उपाय सोपा आहे, पण तो अर्धवट केला जातो. परमेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही लावून रात्रभर ठेवावे आणि आठवड्याने पुन्हा लावावे. घरातील सर्वांनी, ज्यांना खाज नाही त्यांनीही, ते एकाच रात्री लावावे. खाजेला महिन्याचा विलंब का होतो हे ज्याला कळले, त्याला या सूचनेचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. कपडे व पांघरुणे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावीत, किंवा तीन-चार दिवस बांधून बाजूला ठेवावीत. किडे मेल्यावरही त्यांचे अवशेष त्वचेत राहतात, म्हणून खाज दोन-चार आठवडे टिकू शकते. तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही, असे समजून पुन्हापुन्हा मलम लावू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. फिजी बेटांवर एका भागातील सर्व लोकांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्यावर वर्षभरात तेथील खरजेचे प्रमाण शेकडा ३२ वरून शेकडा २ च्या आत आले. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकेका रोग्यामागे धावण्यापेक्षा संपूर्ण वस्तीवर एकाच वेळी उपचार करणे किती परिणामकारक ठरते, हे त्यातून दिसले. आश्रमशाळेसारख्या बंदिस्त वस्तीला ही पद्धत विशेष लागू पडावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. या गोळ्या गरोदर स्त्रियांना आणि पंधरा किलोहून कमी वजनाच्या मुलांना देत नाहीत.

मलमांचा मोह

खाज पटकन शमविणारे एक साधन दुकानात सहज मिळते. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जिवाणूनाशक यांची एकत्र भेसळ केलेली मलमे ती हीच. स्टिरॉइड संदेशवाहक प्रथिनांची निर्मितीच दाबते, म्हणून लावताच आराम पडतो. गजकर्णात हा आराम घातक ठरतो. खाज थांबते, लाली मावळते, पण शरीराचा प्रतिकारही थांबल्याने बुरशी निर्वेध पसरते. मलम सोडताच दुप्पट जोराने खाज येते. भारतात गेल्या काही वर्षांत हट्टी गजकर्णाची जी लाट पसरली, तिच्यामागील बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव देण्यात आले. तिचे अनेक प्रकार टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. २०१८ मध्ये केंद्र शासनाने चौदा स्टिरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा सूचीत घातली. मलमाच्या वेष्टनावरील नावे वाचून पाहण्याची सवय लागली, तर पुष्कळ हानी टळेल.

न खाजणारा डाग

खाजेने माणूस हैराण होतो, म्हणून तो दवाखान्याची पायरी चढतो. या दोन जिल्ह्यांत अधिक लक्ष द्यावयाचे ते खाज नसलेल्या डागाकडे. वरोऱ्याजवळचे आनंदवन ज्या महारोगी सेवा समितीने उभारले, ती बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केली, आणि कुष्ठरोग या भागातून अद्याप पुरता हटलेला नाही. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील मज्जातंतूंतच घर करतात. ज्या तंतूंतून खाज, वेदना आणि ऊब कळते, तेच ते निकामी करतात. म्हणून तेथील फिकट किंवा लालसर डाग खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही, केस झडतात आणि चटका बसला तरी कळत नाही. असा डाग वर्षभर अंगावर असूनही रोगी त्याविषयी बोलत नाही, कारण त्याला काहीच त्रास नसतो.

डोळे मिटून कापसाच्या टोकाचा स्पर्श डागावर आणि निरोगी कातडीवर आळीपाळीने करून पाहावा. डागावरचा स्पर्श कळला नाही, तर आशा कार्यकर्तीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच दाखवावे. बहुविध औषधोपचार तेथे विनामूल्य मिळतो. तो सहा ते बारा महिने घ्यावा लागतो आणि बोटे वाकडी होण्यापूर्वी, लवकर सुरू केल्यास विकृती टाळता येते.